नात पुण्यात, घर देवगडला

पत्र

प्रिय ताई,

माझं वय ५९. डोंबिवलीत तीसेक वर्षं झाली. मिस्टर येत्या मार्चअखेर बँकेतून निवृत्त होतात. देवगड तालुक्यात त्यांचं वडिलोपार्जित घर आहे, चिऱ्याचं, कौलारू. बरोबर हापूसची कलमं आणि थोडे माड. निवृत्तीनंतर गावीच जायचं हे त्यांनी लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं. मुलगा-सून पुण्यात वाकडला, दोघंही आयटीत. नात साडेचार वर्षांची. मुलगा म्हणतो, डोंबिवलीची जागा विका, आपण मोठा फ्लॅट घेऊ, सगळे एकत्र राहू. हे म्हणतात, बाराव्या मजल्यावर बसून मी करू काय? सून काही बोलत नाही, पण नातीला पाळणाघरात ठेवणं तिच्या जिवावर येतं हे मला दिसतं. नात रोज फोनवर विचारते, आजी कधी येणार? मला गाव आवडतं, पण मे महिना सोडून मी तिथे कधी राहिलेली नाही. ह्यांना बीपी आणि शुगर आहे, माझे गुडघे दुखतात. गावी गेले तर नातीचं लहानपण हातातून जाईल, पुण्याला गेले तर ह्यांचं मन मोडेल. काय करू?

– एक आजी, डोंबिवली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. तुम्ही दोघांनी गावी जावं. डोंबिवलीची जागा मात्र विकू नये, आणि निदान पहिली दोन वर्षं तरी आपण कायमचे गेलो असं कुणाला सांगू नये, स्वतःलाही. डोंबिवलीची जागा मोडून मुलाच्या घरात राहायला जाणं मला यापेक्षा फार कच्चं वाटतं. त्याबद्दल पुढे लिहितेच.

मे महिना सोडून गावी राहिलेली नाही, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य आहे. मे महिन्यातलं घर भरलेलं असतं. दिरांची, नणंदांची मुलं खळ्यात झोपतात, आंब्याच्या पेट्या भरायची घाई असते, रात्री गजाली रंगतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाकरमानी मुंबईला परततात आणि त्याच घरात दोन माणसं उरतात. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पडवीला झावळ्यांचे झाप बांधले की घरात दुपारीही दिवा लावावा लागतो. कपडे वाळत नाहीत, गाद्यांना कुबट वास येतो. वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आणि वीज नाही म्हणजे पंप नाही, म्हणजे विहिरीवर जाऊन पाणी ओढायचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा बागा आडव्या झाल्या आणि कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. दरवर्षी असं होत नाही. पण वानरं कौलं दरवर्षी फोडतात, पावसाआधी घर दरवर्षी शाकारून घ्यावं लागतं, आणि त्या कामाला माणूस मिळणं दरवर्षी जास्त अवघड होत चाललंय.

म्हणून पहिल्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला जा आणि अनंत चतुर्दशी होईपर्यंत तिथेच राहा. मध्ये डोंबिवलीला फेरी नको. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाची झड लागलेली असताना, घरात चार दिवस कुणी फिरकलेलं नसताना तुमचे यजमान कसे असतात ते बघा. पस्तीस वर्षं काउंटरवर माणसांत काढलेला माणूस आहे. कदाचित ते खूश असतील. पुष्कळांना तो एकांतच हवा असतो. कदाचित आठव्या दिवसापासून मोबाइलला रेंज शोधत बांधावर फिरतील. तुमच्या बाबतीतही तेच. हा पावसाळा तुम्हाला मानवला तर बाकीचे आठ महिने सोपे आहेत.

आता दुखण्याखुपण्याचं. घाबरवायला लिहीत नाही. तिथे हजारो वयस्क माणसं राहतात आणि नीट राहतात. पण यजमानांना बीपी आणि शुगर आहे, तेव्हा दोन आकडे माहीत असू द्या. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात बंद झालेली रक्तवाहिनी दोन तासांच्या आत उघडता आली तर उत्तम, आणि पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे डोक्यात ठेवून एकदा प्रत्यक्ष जाऊन या: घरापासून देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात किती वेळ, कणकवलीला किती, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किती. अँजिओप्लास्टी रात्रीही होते असं सगळ्यांत जवळचं ठिकाण कोणतं, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. जिल्ह्यातले गंभीर रुग्ण वर्षानुवर्षं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नाहीतर घाट चढून कोल्हापूरला जात आले आहेत, तेव्हा त्या रस्त्यांचीही माहिती करून घ्या. १०८ ची गाडी तुमच्या वाडीपर्यंत पोचते का, की ओढ्यावरच्या साकवाच्या अलीकडेच थांबते? रात्री दोन वाजता हाक मारली तर गाडी काढेल असा शेजारी कोण? तुमच्या भागात फुरसं हा विषारी साप असतो, म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन असतं का, हेही विचारा. या सगळ्याची उत्तरं एका कागदावर लिहून तो फोनजवळच्या भिंतीवर लावला की निम्मी काळजी कमी होते.

विम्याचं काम मार्चच्या आधीच उरका. बँकेच्या निवृत्तांसाठी गटविमा असतो. तो घ्यायचा का, किती रकमेचा, हे निवृत्तीच्या कागदांच्या गडबडीत राहून जातं. जो विमा असेल त्याच्या कॅशलेस यादीत कणकवली, कुडाळ, कोल्हापूर आणि गोव्यातली कोणती रुग्णालयं आहेत ते तपासा. फक्त मुंबई-ठाण्याची नावं असलेली यादी तिथे उपयोगाची नाही. आयुष्मान भारतमधलं पाच लाखांचं संरक्षण २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता मिळू लागलंय, पण ते ७० वर्षं पूर्ण झाल्यावर. तोवरची दहा वर्षं स्वतःच्या विम्यावरच काढायची आहेत.

यजमानांची निवृत्ती ३१ मार्चला होईल. तुमची कधी होणार, हे त्यांना विचारलंत का? मी हे मुद्दाम विचारते. गावचं घर बंद असतं तेव्हा गणपतीला सगळे भाऊ-जावा मिळून साफसफाई करतात, मिळून रांधतात. घर उघडं झालं की "काकी आहे ना गावाला" म्हणत सगळे निर्धास्त पिशव्या घेऊन येतात. गणपतीत पंधरा-वीस माणसांचं पान, मेमध्ये महिनाभर ये-जा, एरवी गडीमाणसांचा चहा, माड पाडायला आलेल्याचं जेवण, देवळातल्या उत्सवाला आपल्या घरचा वाटा. हे सगळं गुडघे धरून तुम्हीच करणार. लोकांनी येऊ नये असं मी म्हणत नाही, त्या घराची शोभाच ती आहे. पण सणावाराला स्वयंपाकाला बाई, रोज केरवारा-भांड्यांना कुणीतरी, आणि येणाऱ्यांनी खर्चाचा नि कामाचा वाटा उचलायचा, हे पहिल्याच वर्षी यजमानांनी त्यांच्या तोंडानं भावांना सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर भावकीत त्याची वेगळीच चर्चा होईल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तशीच दुसरी अट न्हाणीघराची. जुन्या घरांत ते मागीलदारी, चार पायऱ्या उतरून असतं, आणि पावसात त्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. साठीनंतर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. घराच्या आत, झोपायच्या खोलीला लागून, कमोड आणि धरायला दांडी असलेलं न्हाणीघर झाल्याशिवाय मुक्काम हलवू नका. अंगणातल्या फरशा आणि गेटची कमान मागाहून होईल.

बागेचंही पहिल्या वर्षीच अंगावर घेऊ नये. कलमांची बाग म्हणजे मोहोर आल्यापासूनच्या फवारण्या, राखण, तोडणी, पेट्या, दलालाशी हिशेब. हौसेनं सुरू केलेलं हे काम माणसाला पुरतं जखडून टाकतं, आणि मग नातीच्या वाढदिवसालाही पुण्याला जाता येत नाही. पहिली दोन वर्षं बाग कराराने द्या. यजमानांना परसात भाजी लावू दे, चार माड बघू दे.

गावच्या घरावर फंडाचे, ग्रॅच्युइटीचे पैसे घालण्याआधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढून त्यावर किती नावं आहेत ती मोजा. वडिलोपार्जित म्हणजे भाऊ आहेत, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून बहिणींचाही मुलग्यांइतकाच हक्क आहे. सामाईक घराला एकानं दहा लाख घालायचे आणि पाच वर्षांनी बाकीच्यांनी "आमचा हिस्सा?" विचारायचा, असे तंटे कोकणात घरोघरी आहेत. सगळे गोडीत असतानाच नोंदणीकृत वाटणीपत्र करा. सर्वांची संमती असेल तर शेतजमिनीची वाटणी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होते. तेवढं होईपर्यंत राहण्यापुरती डागडुजी आणि न्हाणीघर, एवढ्यावर थांबा.

आता पुण्याकडे वळते. मुलगा प्रेमानं म्हणतोय, यात मला शंका नाही. पण तो सुचवतोय त्यात तुमची एकमेव शहरातली जागा जाते आणि तिचे पैसे त्याच्या फ्लॅटमध्ये जातात. उद्या तुम्हाला पटलं नाही, त्याची बदली झाली, परदेशी जायची संधी आली, तर तुम्ही कुठे जाणार? ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असली तरच बाजू भक्कम राहते. आपल्या मुलाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायची वेळ कुणावरच येऊ नये, आणि न येण्याचा साधा मार्ग म्हणजे आपलं छप्पर आपल्या नावावर ठेवणं. पावसाळ्याची परीक्षा होईपर्यंत डोंबिवलीची जागा कुलूपबंद राहू द्या. नंतर ११ महिन्यांच्या, नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्सवर द्या. भाडं हाताशी येईल आणि परतायचं झालंच तर वर्षाच्या आत दार उघडं होईल.

सुनेचं मौन मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. तिला एकटीला गाठून विचारा: आम्ही तुमच्यात राहायला यावं असं तुला वाटतं, की पाळणाघराचा प्रश्न सुटावा एवढंच हवंय? दुसरं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते प्रामाणिक असेल. चांगलं पाळणाघर शोधायला, नव्या जागी मुलगी रुळेपर्यंत महिनाभर तिच्या सोबत राहायला तुम्ही जाऊच शकता. पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात साडेचार वर्षांच्या मुलीमागे धावणं हे रोजचं काम म्हणून पत्करू नका, मग नात कितीही लाडकी असो. मेलबर्नच्या संशोधकांचा २०१४ मधला एक छोटा अभ्यास आहे. त्यात आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या चाचण्यांत सगळ्यांत पुढे होत्या, आणि पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्या एका चाचणीत मागे पडल्या. लहानशा अभ्यासावरून नियम काढू नये. तरी पूर्णवेळ नातवंडं सांभाळून दमलेल्या आज्यांची जी पत्रं मला येतात, त्यांच्याशी हे जुळतं.

पुण्यात राहायचंच ठरलं कधी, तर त्यांच्या घरात नको. पायी दहा मिनिटांवर भाड्याची छोटी जागा घ्या.

राहिली नात. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. गावी गेलात तर काही गोष्टी खरोखरच हुकतील. पहिला दात पडला त्या संध्याकाळी तुम्ही तिथे नसाल. शाळेत कुणी चिडवलं म्हणून ती रडत घरी येईल आणि ते तुम्हाला चार दिवसांनी कळेल. हे नुकसान व्हिडिओ कॉलनं भरून निघत नाही. पण दहा वर्षं पुण्यात काढून मग गावी जाऊ, असं ठरवणाऱ्यांचं गाव बहुतेक राहूनच जातं. सत्तरीत बागेचा उतार चढवत नाही, नवी माणसं जोडायची उमेद राहत नाही. नातीची आजीला बिलगण्याची वर्षं आणि तुमच्या यजमानांची हातपाय धड असण्याची वर्षं एकाच वेळी चालू आहेत. म्हणून दोन्हींतलं थोडं थोडं सोडावं लागेल, आणि काय सोडायचं ते तुम्ही ठरवायचं.

दापोलीकडच्या एक आजी माझ्या परिचयाच्या आहेत. नातू नाशिकला. त्या त्याला फोनवर "जेवलास का, शाळेत काय शिकवलं" असं विचारत नाहीत, कारण त्याला मुलं "हो" आणि "काही नाही" एवढंच उत्तर देतात. त्या रोज संध्याकाळी त्याला आपल्या घरची बातमी सांगतात. मांजर व्यायली ती कुठल्या हाऱ्यात, त्यातलं एक पिल्लू आज माळ्यावरून पडलं पण लागलं नाही, विहिरीत कासव दिसलं, वाऱ्यानं रायवळाची फांदी मोडली. दुसऱ्या दिवशी तोच विचारतो, कासवाचं काय झालं? मे महिन्यात तो गावी उतरला की चपला न काढता थेट विहिरीवर जातो. हे असं नातं रोज दहा मिनिटं देऊन उभं राहिलंय, आणि वर्षातून तीन-चारदा सलग मुक्कामानं ते पक्कं होतं. तुमची नात अजून लहान आहे, तिला ऐकायला आवडतं, हा काळ उत्तम आहे.

मुक्काम मात्र ठरलेले हवेत. "येत जाऊ अधूनमधून" असं म्हणून कुणी येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे नात गावी, जमलं तर आईवडिलांशिवाय. गणपतीत सगळे गावी. दिवाळीत तुम्ही पुण्याला, आणि संक्रांतीनंतर पुन्हा महिनाभर पुण्याला. यजमानांना बाग सोडवत नसेल तर तुम्ही एकट्या जा. त्यांना भात-आमटी करता येत नसेल तर आत्तापासून शिकवा. पुण्याहून कोकण रेल्वेची रोजची थेट गाडी नाही, पनवेल गाठावं लागतं, नाहीतर कोल्हापूरमार्गे घाट उतरायचा. करूळ घाट कामासाठी २०२४ मध्ये कितीतरी महिने बंद होता, पावसात दरडीही येतात, तेव्हा फोंडा घाटाचा रस्ताही माहीत असू द्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. चिपीच्या विमानसेवेवर मात्र बेत आखू नका, ती आजवर सलग टिकलेली नाही.

एक अवघड बोलणं उरलं, ते तुम्हा दोघांनाच करायचंय. दोघांपैकी एक कधीतरी मागे राहील. अर्ध्या घरांना कुलपं असलेल्या वाडीत एकट्यानं राहायचं, डोंबिवलीला परतायचं की मुलाजवळ जायचं, याचं उत्तर दोघं धडधाकट असताना ठरवा आणि मुलाला-सुनेला सांगून ठेवा. यजमानांना स्वतःपुरतं विचारू नका. "तुम्ही नसताना मी कुठे असावं असं तुम्हाला वाटतं?" असं विचारा. त्यांनी यावर आजवर विचार केला नसेल, तर थोडा वेळ द्या, पण उत्तर घ्या. मृत्युपत्र, पेन्शनचं नामनिर्देशन, बँकेतली संयुक्त खाती हे त्याच बैठकीत उरकून टाका.

यजमानांचं मन मोडेल ही भीती तुम्हाला आहे. त्यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही आणि तुम्हीही म्हणत नाही आहात. चार महिने राहून बघू, न्हाणीघर आत घेऊ, वर्षातले दोन-अडीच महिने मी नातीजवळ असेन, एवढंच तुमचं मागणं आहे. हे त्यांना पटायला हरकत नाही. पटलं नाही, तर गावी जाण्याआधी तोच प्रश्न सोडवावा लागेल आणि त्यासाठी मला पुन्हा लिहा.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुटतं. जूनच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं एप्रिलच्या सुरुवातीला मिळतील. गणपतीच्या गाड्या तर मिनिटांत भरतात, म्हणून मुलाला तारखा आत्ताच कळवून ठेवा, म्हणजे तिघांची तिकिटं तो वेळेवर काढेल.